संगणक बंद का पडतो?



वसंत ऋतूत गावकऱ्यांनी एकत्र जमून व्याख्याने ऐकावयाची, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्त, इतिहास, अर्थशास्त्र, वाङ्मय असे भारदस्त विषय होत आले आहेत. आमचा आजचा विषय त्यांच्या पंक्तीस बसणारा नाही. टेबलावरचा संगणक चालता चालता एकाएकी बंद पडतो. तो का पडतो, आणि त्याचे कारण साध्या माणसाने कसे शोधावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

युनियनवाल्याने पगार, बोनस, संप यांवर बोलावे. संगणकाशी त्याचा काय संबंध, असे काहींच्या मनात येईल. संबंध असा आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांत संगणकावर बसणाऱ्या मुलामुलींच्या तक्रारी पुष्कळ असतात. यंत्र बंद पडले, काम राहिले, साहेब रागावले, मानधन कापले, हा त्या तक्रारींचा ठरलेला क्रम आहे. या प्रकरणांत भांडावयाचे तर आधी यंत्र का बंद पडले हे कळावयास पाहिजे. आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. दुरुस्तीच्या दुकानांत बाकावर बसून, कारागिरांना विचारून, भंगारातल्या पेट्या उघडून जे समजले, तेवढेच भांडवल घेऊन आम्ही आपणापुढे उभे आहोत.

आपला जळकोट तालुका १९९९ साली झाला. त्या वेळी तालुक्याची कचेरी म्हटली की दप्तरे, रुमालात बांधलेली कागदपत्रे आणि शाईचे शिक्के डोळ्यांपुढे येत. २०११ साली राज्यात ‘संग्राम’, म्हणजे ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’, ही योजना आली आणि ग्रामपंचायतीत संगणक आला. ती योजना २०१५ च्या अखेरीस संपली. २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. नावे बदलली, पण टेबल तेच, पेटी तीच, आणि पुष्कळ ठिकाणी माणूसही तोच. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, आठ-अ, सातबारा, पीकविमा, या सगळ्यांची वाट आता त्या पेटीतून जाते. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे राज्यात एक रुपयात पीकविमा मिळत होता. त्या वेळी जुलैअखेरीस सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आपण पाहिल्या आहेत; आपल्यापैकी कित्येकजण त्या रांगांत उभेही असतील. अशा वेळी यंत्र बंद पडले म्हणजे रांगेतल्या शेतकऱ्याचा सोयाबीनचा विमा बुडण्याची पाळी येते. तेव्हा हा विषय दिसावयास लहान असला तरी पोटाशी निगडित आहे.

येथे आमच्या चळवळीविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. देशी बनावटीचा पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झाला. त्यानंतर विमा आणि बँका यांत संगणक येऊ लागले, तेव्हा कामगार संघटनांनी त्यांस कडाडून विरोध केला. १९८४ हे वर्ष तर संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळले गेले. यंत्र येईल आणि माणसाची भाकरी जाईल, ही भीती त्यामागे होती आणि ती निराधार नव्हती. पण त्याच सुमारास, १९८३ साली, बँक कामगारांच्या संघटनांनी मालकांशी यांत्रिकीकरणाचा करार करून यंत्र कोठे आणि कोणत्या अटींवर यावे, हे ठरवून घेतले. आज प्रश्न उलटा झाला आहे. यंत्र केव्हाच येऊन बसले आहे. आता यंत्र बिघडले की माणसाची भाकरी जाते. म्हणून कामगारांच्या माणसाने यंत्र समजून घेणे, हा आता भाकरीच्याच लढ्याचा भाग झाला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. पहिली गोष्ट ही की, यंत्र बंद पडते तेव्हा पुष्कळदा ते आपला जीव वाचवीत असते. हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो. विजेचा दाब उतरला की मोटार जास्त प्रवाह ओढते, तिचे वाइंडिंग तापू लागते, आणि स्टार्टरमधला रिले खटकन तुटतो. शहाणा शेतकरी म्हणतो, रिले तुटला म्हणून मोटार वाचली. उतावळा शेतकरी स्टार्टरच्या बटणात काडी अडकवून ठेवतो, आणि दोन दिवसांनी जळालेली मोटार गाडीत घालून वाइंडिंगवाल्याकडे उदगीरला नेतो. संगणकातही असे पहारेकरी बसविलेले आहेत. मुख्य चकती फार तापली की ती पहिल्याने आपले काम संथ करते, आणि तरीही ताप वाढत गेला तर वीज तोडावयास लावते. विजेच्या पेटीवर भार जास्त झाला की ती पेटीही स्वतः बंद होते. म्हणून बंद पडणाऱ्या यंत्राला शिव्या देण्यापूर्वी ते कशाला भिऊन बंद पडले, हा प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट. ‘बंद पडतो’ या दोन शब्दांत निदान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही. पेटीवरचा दिवा, आतला पंखा, पडदा, सगळे एका क्षणात मेले, तर तो विजेचा किंवा उष्णतेचा प्रश्न असण्याचा संभव मोठा. पडद्यावर निळा रंग आणि काही अक्षरे येऊन यंत्र पुन्हा आपोआप सुरू झाले, तर स्मृतीची पट्टी म्हणजे रॅम, डिस्क, किंवा एखादा प्रोग्रॅम यांवर संशय घ्यावा. ‘बंद होत आहे’ असा रीतसर निरोप देऊन यंत्र बंद झाले, तर कोणीतरी तसा हुकूम दिलेला असतो. विंडोजचे अद्ययावतीकरण म्हणा, किंवा पेटीचे अडकून बसलेले बटण म्हणा. आणि पेटीतला पंखा चालू असून नुसता पडदाच काळा झाला, तर संगणक बंद पडलेलाच नाही. मॉनिटरची किंवा त्याच्या केबलची तक्रार आहे. गुराचा डॉक्टरसुद्धा जनावर बसले की पडले, चारा खाते की नाही, हे आधी विचारतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण नुसते ‘बंद पडले’ म्हणून मोकळे होतो.

तिसरी गोष्ट शोधाच्या क्रमाची. आपल्याकडे दुरुस्तीवाला आला की पहिले वाक्य काय बोलतो? “फॉरमॅट मारावा लागेल.” विंडोज नवी टाकली, पाचशे रुपये घेतले, आणि आठ दिवसांनी यंत्र पुन्हा बंद. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यांतला हा प्रकार. विंडोज दोषी आहे की नाही हे पाहण्याची एक फुकटची कसोटी आहे. संगणक चालू करताना ठराविक बटण दाबले की ‘बायोस’चा पडदा येतो. तेथे विंडोज अजून जागीच झालेली नसते. त्या पडद्यावर यंत्र अर्धा तास तसेच ठेवावे. तेथेही ते बंद पडले तर विंडोज निर्दोष ठरली. फॉरमॅटचे पाचशे रुपये वाचले. न पडले, तर मात्र लगेच विंडोजला फासावर देऊ नये, कारण बायोसमध्ये यंत्राला श्रम थोडे असतात. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल पॉवर ४१’ अशी एक नोंद सापडते आणि ती दाखवून काही कारागीर गिऱ्हाइकाला घाबरवितात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की, मागच्या खेपेस यंत्र रीतीप्रमाणे बंद झाले नाही. ते आपल्याला ठाऊकच होते. कारण त्या नोंदीत नसते.

म्हणून शोध बाहेरून आत करावा. भिंत, यूपीएस, केबल, विजेची पेटी, उष्णता, मग आतले सुटे भाग, आणि सर्वांत शेवटी प्रोग्रॅम. बाहेरचे तपासणे स्वस्त असते, आतले महाग असते, हे तर आहेच. शिवाय आपल्या भागात दुखणे बहुधा बाहेरचेच असते.

भिंतीपासून सुरुवात करू. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असावी असे कागदावर आहे. प्रत्यक्षात मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो आणि त्या बंद झाल्या की चढतो; डीपीवर न्यूट्रल तुटला तर एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात बल्ब फुटतात. संगणकाला वीज पुरविणारी जी पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तिच्या पोटात साठा फार थोडा असतो; विजेच्या एका आवर्तनाला, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला, जेमतेम पुरेल एवढाच. ट्यूबलाइटची नुसती पापणी लवली, आपण ‘वीज गेली नाही’ असे म्हणालो, तरी तेवढ्यात संगणकाचा प्राण जाऊ शकतो. भिंतीतला प्लग ढिला आहे काय, बोर्ड काळा पडला आहे काय, एकाच बोर्डाला कूलर आणि संगणक जोडले आहेत काय, हे पाहावयास कोणतीही पदवी लागत नाही.

अर्थिंगही पाहावे. पेटीच्या पत्र्याला हात लावला आणि झिणझिणी आली तर अर्थिंग नाही किंवा मेले आहे असे समजावे. अर्थिंगचा खड्डा एकदा मीठ-कोळसा घालून पुरला की काम झाले, असा आपला समज असतो. वस्तुतः उन्हाळ्यात जमीन वाळली की त्या खड्ड्याची ताकद जाते. त्यास अधूनमधून पाणी घालावे लागते. दहा बादल्या पाण्याचे काम. पण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नसल्यामुळे कोणीच करीत नाही. तुटका न्यूट्रल किंवा मेलेले अर्थिंग दुरुस्त करणे हे मात्र वायरमनचे काम आहे, तेथे आपण हात घालू नये.

नंतर यूपीएस. त्यात मोटारसायकलच्या बॅटरीसारखी १२ व्होल्टची एक सीलबंद बॅटरी असते. तिचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षे, आणि उष्म्यात त्याहून कमी. अशा बॅटरीबाबत कारागिरांचा ठोकताळा असा की दर १० अंश जादा उष्म्याला आयुष्य निम्मे होते. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत काय तापते, हे येथे सांगावयास नको. बॅटरी मेली तरी यूपीएसवरचा हिरवा दिवा लागतच राहतो आणि आपण निर्धास्त असतो. कसोटी सोपी आहे. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्यावा. सकाळी संगणक काढून त्या जागी जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब जोडावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. बल्ब पाच-दहा मिनिटे तेवत राहिला तर बॅटरी ठीक. क्षणात किंवा मिनिटभरात विझला तर बॅटरी गेली. ही कसोटी संगणक जोडून करू नये, नाहीतर अर्धवट भरलेला अर्ज जावयाचा.

त्यानंतर उष्णता. आपण ज्या सबंध पेटीला ‘सीपीयू’ म्हणतो, तिच्यात खरा सीपीयू काड्यापेटीएवढा एक चौकोनी तुकडा असतो. त्याच्यावर धातूचे पंखोटे, आणि पंखोट्यांवर पंखा. आपल्याकडे धूळ बारमाही. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा उडतो आणि पंखोट्यांवर गोधडी बसते. आता हिशेब पाहा. चांगल्या यंत्रात तो तुकडा खोलीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतो, असे उदाहरणादाखल धरू. खोली २५ अंश असता तो ६५ ला राहील. धुळीमुळे तोच फरक ६० झाला तर हिवाळ्यात तो ८५ ला जाईल आणि यंत्र चालेल. पण एप्रिलात खोली ४२ अंशांवर गेली की तोच तुकडा १०२ ला जातो, आणि १०० च्या आसपास त्याची सहनशक्ती संपते. म्हणजे दोष दिवाळीत शिरला आणि प्रकट झाला चैत्रात. चैत्रात जो खुर्चीवर बसला होता, त्याच्या माथी तो मारला गेला.

उष्णतेची खूण अशी. सकाळी यंत्र तासभर चालते, मग पडते. लगेच सुरू केले तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा पडते. दुपारच्या विश्रांतीनंतर पुन्हा बरे चालते. असे असेल तर प्लग काढून, पेटीचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, झाकण काढावे, आणि ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, वाऱ्याने भरधाव फिरू देऊ नये. पंखा अडखळत असेल तर बदलावा. तुकडा आणि पंखोटे यांमधली पेस्ट वर्षानुवर्षांनी वाळून खडू होते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि चालू यंत्रावर क्रोशाचे कव्हर घालू नये. आम्ही अशा पेट्यांत मुंग्यांची वारुळे आणि वाळलेल्या पाली पाहिल्या आहेत.

विजेच्या पेटीविषयी एक ताकीद देऊन ठेवतो. एसएमपीएस कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो. ती तपासण्याची घरगुती रीत म्हणजे दुसऱ्या चालत्या यंत्राची पेटी लावून पाहणे. ज्याच्याकडे मीटर आहे त्याने १२ व्होल्टची तार मोजावी, ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असेल तर ठीक. मदरबोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत की फुगली आहेत, हे डोळ्यांनी दिसते. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर असे फुगणारे कपॅसिटर बाजारात आले होते आणि नामांकित कंपन्यांची यंत्रेही त्यामुळे बंद पडली होती. त्या वेळी बंद पडलेल्या यंत्रांपुढे बसलेल्या किती कारकुनांनी बोलणी खाल्ली असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. रॅमचे म्हणाल तर पट्टी काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून, पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

या सर्वांत एक नियम मोडावयाचा नाही. एका वेळी एकच बदल करावा. बॅटरीही बदलली, धूळही काढली, विंडोजही टाकली आणि यंत्र बरे झाले, तर कशाने बरे झाले हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा तिन्हींचा खर्च करावा लागतो.

आता घडलेले एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि कचेरीचे नाव घेत नाही. बारावी आणि एमएस-सीआयटी झालेली एक मुलगी संगणकावर काम करीत असे. यंत्र दिवसातून दोन-तीनदा पडू लागले. वरिष्ठ म्हणाले, ही गाणी लावते, पेनड्राइव्ह घालते, व्हायरस आणला. दोनदा फॉरमॅट झाला. पैसे तिच्याच पदरचे. मग काम अपुरे म्हणून मानधन कापले गेले. ती वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला म्हणालो, “बाळ, अर्ज नंतर लिहू. आधी एक वही घे.” वहीत पाच रकाने आखले : तारीख व वेळ, यंत्र सुरू करून किती वेळ झाला, त्या क्षणी काय काम चालू होते, दिवे लवले काय, यूपीएसचा आवाज आला काय. पंधरा दिवस तिने ती वही भरली.

सोळाव्या दिवशी वही उघडून बसलो. नुसते ‘छपाई’ पाहिले तर उत्तर मिळत नव्हते, कारण छपाई चालू असताना यंत्र पुष्कळदा पडलेही नव्हते. नुसता ‘यूपीएसचा आवाज’ पाहिला तरी मिळत नव्हते. पण दोन्ही रकाने एकत्र धरले तेव्हा गोष्ट लख्ख झाली. मोटारींच्या वेळी दाब उतरे, यूपीएस बॅटरीवर जाई, आणि त्याच वेळी कोणाचा दाखला छापावयास घेतला की सगळे मरे. त्या वर्षी कचेरीत नवा लेझर प्रिंटर आला होता आणि तो कोणीतरी यूपीएसलाच जोडून ठेवला होता. लेझर प्रिंटर शाई कागदावर भाजून बसवितो. त्या भाजण्यासाठी तो काही क्षण कित्येकशे वॅट ओढतो. छोटा यूपीएस बॅटरीवर असताना तेवढा भार पेलू शकत नाही. एकट्या दाबाने ते यंत्र पडत नव्हते, एकट्या प्रिंटरनेही पडत नव्हते. दोघे एकत्र आले की पडे. प्रिंटरचा प्लग भिंतीत लावला. खर्च एका एक्स्टेन्शन बोर्डाचा. यंत्र पडणे थांबले. वही दाखविल्यावर कापलेले मानधन परत मिळाले. फॉरमॅटचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

त्या मुलीपाशी ना कोणता डिप्लोमा होता ना महाग उपकरण. तिच्यापाशी वही होती. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अजस्र संगणकाच्या रिलेत पतंग सापडला, तेव्हा तेथल्या माणसांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटविला आणि शेजारी वेळ लिहिली. आज तो जगप्रसिद्ध आहे. त्या थोर यंत्रशास्त्रज्ञांची आणि आमच्या या लेकीची रीत एकच होती : जे दिसले ते, दिसले त्या वेळी, लिहून ठेवणे.

येथे न्यायाचा प्रश्न येतो. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात असे तत्त्व होते की, कामगाराच्या ताब्यातील मालाचे नुकसान झाले तरी ते त्याच्याच हयगयीमुळे थेट झालेले असले पाहिजे, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय पगार कापता येत नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व राखले आहे. मानधनावर राबणाऱ्या माणसाला या छत्राखाली घ्यावयाचे की नाही, यावर वकील वाद घालतील. ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांची आपणांस कर्मचारी समजावे आणि किमान वेतन द्यावे, ही मागणी त्याच वादातून उभी राहिली. पण कायदा काही म्हणो, कारण शोधल्याशिवाय शिक्षा नको, हे तत्त्व कोणत्याही शहाण्या माणसाला पटणारे आहे. आपण कारण शोधत नाही, माणूस शोधतो. आणि माणूस शोधताना सर्वांत कमी पगाराचा, खुर्चीच्या सर्वांत जवळचा माणूस आधी सापडतो.

खुर्चीवरचा माणूस नेहमीच निर्दोष असतो, असे मात्र आम्ही म्हणत नाही. चालू यंत्रावर चहा सांडणारे, पेटीच्या जाळीवर फायलींचा ढीग रचणारे, वही भरा म्हटले की कंटाळणारे आमच्याही संघटनेत आहेत. त्यांना आम्ही पाठीशी घालीत नाही. वही दोन्हीकडून बोलते. ती निर्दोष माणसाला सोडविते आणि हयगय करणाऱ्यालाही उघडे पाडते. म्हणूनच ती प्रामाणिक माणसाला हवी असते आणि आळशाला नको असते.

आता आपण काय करावे? जळकोट गावात आज नगरपंचायत आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांचे घर-शेत आसपासच्या खेड्यांत आहे. १ मेची ग्रामसभा आता फार दूर नाही. तो महाराष्ट्राचा दिवस आहे आणि कामगारांचाही आहे. त्या सभेत रस्ता, गटार, पाणी यांवर जरूर बोलावे. पण त्याबरोबर चार साधे प्रश्न विचारावेत. सेवा केंद्राच्या यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली? पेटीची धूळ वर्षातून दोनदा काढण्याची व्यवस्था कोणाकडे आहे? अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी कोण घालतो? आणि यंत्र बंद पडले तर त्याची नोंदवही आहे काय? या चारही गोष्टींना मिळून जो खर्च येईल तो दोन-चार फॉरमॅटच्या पैशांत भागण्यासारखा आहे.

आणि रांगेत उभे असताना यंत्र बंद पडले, तर पलीकडे बसलेल्या मुलावर किंवा मुलीवर ओरडण्याआधी एवढेच विचारा की, “पोरा, वहीत लिहिलेस का?” त्या एका प्रश्नाने त्याला कळेल की, गावाला यंत्राचे कारण हवे आहे, त्याचा बळी नको आहे. असा दिलासा मिळालेला माणूस पुढच्या वेळी वहीही नीट भरतो आणि यंत्रही नीट सांभाळतो, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

 कोणाच्या घरचे किंवा कचेरीतले यंत्र असेच पडत असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्ही येथे खाली बाकावर बसलो आहोत. येताना यंत्र आणू नका. ते केव्हा केव्हा पडते तेवढे लिहून आणा.